आयुष्य वाढवायचंय ना, मग सुरुवात पोरांपासून करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत माणसाचं आयुष्य वाढवायच्या संशोधनावर जो मोठा लेख आला होता तो मी दोनदा वाचला, एकदा सकाळी चहासोबत आणि एकदा रात्री घरातले सगळे झोपल्यावर, आणि तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय म्हणून हे पत्र लिहायला बसले. लांबलं तर कापा, पण सिकलसेल या रक्ताच्या जन्मजात आजाराचा भाग तेवढा कापू नका अशी विनंती आहे.

आधी माझं सांगते. विदर्भातल्या एका सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होते, २९ वर्षं नोकरी केली आणि तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले. मी शास्त्रज्ञ नाही, डॉक्टर पण नाही, पण लोकांचं रक्त रोज बघितलंय आणि त्यातही लहान पोरांचं जास्त. त्यामुळे असं काही नवीन छापून आलं की मी वाचतेच वाचते. आणि म्हातारपण मागे फिरवायचं हे स्वप्न मला अजिबात खोटं वाटत नाही. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या वाढ झालेल्या पेशीत चार जीन्स टाकून तिला परत अगदी सुरुवातीच्या, कोऱ्या पेशीसारखं करून दाखवलं, त्यांना २०१२ चं नोबेल मिळालं, आणि त्याच वाटेनं जाणारी आल्टोस लॅब्ज नावाची कंपनी २०२२ मध्ये ३ अब्ज डॉलर घेऊन उभी राहिली. हे सगळं व्हायलाच पाहिजे असं माझं मत आहे.

पण एक गोष्ट खटकली. लेखात त्या अमेरिकेतल्या ब्रायन जॉन्सन यांचा उल्लेख होता, जे तरुण व्हायला वर्षाला लाखो डॉलर खर्च करतात. त्यांनी २०२३ मध्ये स्वतःच्या १७ वर्षांच्या मुलाचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ पिवळसर भाग, स्वतःच्या अंगात घेतला होता, नंतर त्यांनीच सांगितलं की काही फायदा दिसला नाही आणि ते बंद केलं. मुलानं राजीखुशीनं दिला, त्यांचा घरचा मामला, मला त्यात काही बोलायचं नाही. पण मी ब्लड बँकेतही काही वर्षं काढली आहेत, तिथे मी आयुष्यभर उलटं बघितलंय, पोरासाठी बाप टेबलवर झोपतो, एक बाटली देऊन झाली की उठून विचारतो की मॅडम अजून एक घेता येईल का. तर मला असं म्हणायचंय की ही जी आयुष्य वाढवायची सगळी हुशारी आहे, पैसा आहे, मशिनी आहेत, त्या त्याच दिशेनं वळवा, मोठ्यांकडून पोरांकडे. दीर्घायुष्य आणि आनंदी मुलं हे दोन वेगळे विषय धरले जातात पण रक्ताच्या टेबलवर बसून बघितलं की तो एकच विषय आहे हो.

आपल्या देशात स्वातंत्र्याच्या वेळी सरासरी आयुष्य ३२ च्या आसपास होतं, आज ७० च्या घरात आहे. लोकांना वाटतं की तेव्हा माणसं पस्तिशीत म्हातारी होऊन मरायची. तसं नाही ना. एक बाळ जन्मताच गेलं आणि एक माणूस सत्तर वर्षं जगला तर दोघांची सरासरी ३५ येते, एवढं साधं गणित आहे. ही जी वर्षं आपण कमावली त्यातला मोठा हिस्सा लहान मुलं मरायची थांबली त्यातून आलाय, लस, ओआरएस, स्वच्छ पाणी, सुरक्षित बाळंतपण.

आणि आमच्या बाजूचंच उदाहरण घ्या, गडचिरोली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेत बाळांचा न्यूमोनिया ओळखायला एक साधन केलं होतं, ब्रेथ काउंटर. एका फळीवर मण्यांच्या दोन ओळी आणि सोबत एक मिनिटाची वाळूची घडी. बाळाच्या छातीकडे बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाची ओळ वेगळी, मोठ्याची वेगळी, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच जलद असतो. ज्या बाईला साठपर्यंत आकडे मोजता येत नाहीत तिलाही हे जमतं. पुढे याच भागात आरोग्यदूत बायकांनी घरोघरी जाऊन नवजात बाळं सांभाळली आणि तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं ते. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात त्याचं मूळ तिथे आहे. मी हे लाकडी मण्यांचं साधन दीर्घायुष्याची टेक्नॉलॉजीच मानते, आणि माझं म्हणणं आहे की पुढची जी काही कल्पनेतली साधनं असतील तीसुद्धा या मण्यांसारखी असावीत, अंगणवाडीच्या कपाटात मावतील अशी.

आता सिकलसेलचं.

सिकलसेलची टेस्ट कशी करतात ते बहुतेकांना माहीत नसतं. छोट्या काचेच्या ट्यूबमध्ये फ्रीजमधून काढलेलं रीएजंट, म्हणजे टेस्टचं रसायन, घ्यायचं, बोटाला टोचून दोन थेंब रक्त त्यात टाकायचं, हलवून रॅकमध्ये पाच मिनिटं ठेवायचं आणि मग ट्यूबच्या मागे काळ्या रेघा मारलेला पांढरा कागद धरायचा. रेघा आरपार दिसल्या की नॉर्मल. ट्यूब गढूळ झाली, रेघा दिसेनाशा झाल्या की सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह, मग पुढे इलेक्ट्रोफोरेसिसला पाठवायचं, त्यात हिमोग्लोबिनचा प्रकार कळतो, एए म्हणजे नॉर्मल, एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे आजार. मी अशा किती ट्यूब धरल्या असतील त्याचा हिशोब नाही.

एक पोरगा अजून डोळ्यासमोर आहे. सात वर्षांचा, डिसेंबरचा महिना होता, बाप सायकलवर घेऊन आला होता. पोरगा एकदम गप्प. बाप म्हणे, "मॅडम, पोट्टा रात्रभर पाय धरून रडून राह्यला, शाळेत मास्तर म्हणते नाटकं करते." थंडीत सकाळी मैदानात पीटीला उभं राहायचा नाही म्हणून त्याला छड्या बसल्या होत्या, हातावर वळ होते. शाळेचं नाव मी इथे घेत नाही, त्या मास्तरांनाही कोणी कधी काही शिकवलं नव्हतं या आजाराबद्दल. मी ट्यूब लावली, पाच मिनिटं पोरगा माझ्या टेबलच्या कडेला हनुवटी टेकवून ट्यूबकडे बघत होता, आणि रेघा गेल्या. तो म्हणाला, "लाइना दिसत नाहीत." मी म्हटलं हो रे बाळा. रिपोर्ट एसएस आला. थंडीत, पाणी कमी पडलं की रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि हाडं ठणकतात, तो क्रायसिस इतका भयंकर असतो की मोठी माणसं लोळतात, आणि हे पोरगं त्या दुखण्यात छड्या खात होतं.

आनंदी मुलं कशी करायची यावर लोक मला ॲप दाखवतात, खेळणी दाखवतात, मेडिटेशन दाखवतात. माझ्या डोक्यात हा पोरगा येतो. त्याला आधी कोणीतरी खरं मानायला पाहिजे होतं की त्याला दुखतंय, आणि ते त्या ट्यूबनं केलं.

आता यात भविष्याची टेक्नॉलॉजी कुठे आली ते सांगते. ही टेस्ट सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला केली तर फसते, एसएस असलं तरी निगेटिव्ह येऊ शकते, कारण आईच्या पोटात असताना जे हिमोग्लोबिन असतं, फीटल हिमोग्लोबिन, ते तेव्हा अजून रक्तात भरपूर असतं आणि ते पेशीला वाकडं होऊ देत नाही. म्हणजे निसर्गानं प्रत्येक बाळाला सहा महिन्यांचं चिलखत देऊन पाठवलंय. मग एक बटण बंद होतं आणि चिलखत जातं. शास्त्रज्ञांनी काय केलं, क्रिस्पर नावाच्या जीन कापायच्या कात्रीनं ते बटण परत चालू केलं. कॅसजेव्ही हे त्या उपचाराचं नाव, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये जगात पहिल्यांदा मान्यता मिळाली, पुढच्याच महिन्यात अमेरिकेत. मी ती बातमी वाचली तेव्हा खरंच रडले. पण किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटींच्या वर, शिवाय पेशी बाहेर काढून दुरुस्त करून परत घालायच्या, त्याआधी कडक केमो द्यावी लागते, महिनोन्‌महिने मोठ्या हॉस्पिटलशी बांधलेलं राहायचं. गडचिरोलीतल्या धानोऱ्याच्या किंवा नंदुरबारमधल्या धडगावच्या माणसानं काय करायचं त्याचं.

म्हणून माझी पहिली कल्पना, किंवा स्वप्न म्हणा, की हीच कात्री एका इंजेक्शनमध्ये यावी. पेशी बाहेर काढायच्या नाहीत, केमो नाही, दंडात किंवा शिरेत एक इंजेक्शन आणि ते औषध स्वतः हाडाच्या मगजापर्यंत, जिथे रक्त तयार होतं तिथे, पोचून बटण चालू करेल. हे हवेतलं नाही. २०२५ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळाला लिव्हरचा दुर्मिळ जन्मजात आजार होता, त्याच्या एकट्याच्या जीनमधली चूक बघून त्याच्यासाठी सहा महिन्यांत औषध बनवलं आणि चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांत भरून थेट शिरेतून दिलं. लिव्हरपर्यंत पोचणं सोपं असतं, हाडाच्या मगजापर्यंत पोचणं अवघड, त्यावर जगभर काम चालू आहे. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेतही सिकलसेलसाठी क्रिस्परवर काम चालू आहे. सरकारचं सिकलसेल मिशन २०२३ ला सुरू झालं, ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा असं तेव्हा ठरलं. तपासणी चांगलीच आहे हो, पण कार्ड हातात देऊन पुढे काय? दीर्घायुष्यवाल्या कंपन्यांकडे जी थेंबांत औषध भरायची विद्या आहे तीच तर इथे लागते. ते तिकडे सुरकुत्या घालवायला वापरण्याआधी इकडे वापरा.

दुसरं म्हणजे ते शरीराचं घड्याळ. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्ह हॉरवाथ यांनी दाखवलं की डीएनएवर ज्या रासायनिक खुणा चिकटतात त्यातल्या ३५३ जागा बघून शरीराचं वय काढता येतं. श्रीमंत लोक आता ही टेस्ट करून घेतात आणि माझं वय पाच वर्षांनी कमी झालं म्हणून सांगतात. पण मला यात सगळ्यात महत्त्वाचं काम न्यूझीलंडचं वाटतं. ड्युनेडिन शहरात १९७२-७३ ला जन्मलेल्या १०३७ मुलांच्या मागे संशोधक आजतागायत आहेत. ही मुलं ३८ वर्षांची झाली तेव्हा सगळ्यांचं कागदावरचं वय एकच होतं पण रक्त, बीपी, फुफ्फुसं अशा तपासण्यांवरून शरीराचं वय काढलं तर कोणी २८ चं निघालं, कोणी ६१ चं! आणि ज्यांचे लहानपणी हाल झाले होते त्यांचं शरीर जास्त वेगानं म्हातारं होत होतं. हे वाचून मी पेपर बाजूला ठेवला आणि कितीतरी वेळ तशीच बसले, कारण लॅबमध्ये आम्हाला हे नुसत्या नजरेनं जाणवायचं, काही पोरं दहाव्या वर्षी थकलेली दिसायची.

तर हे घड्याळ पोरांसाठी वापरा. एकेका पोराचं वय काढून आईबापाच्या हातात कागद द्यायचा नाही, तसं केलं तर उद्या शाळा आणि इन्शुरन्सवाले तेच मागतील आणि पोरांचं आणखी वाटोळं होईल. वॉर्डाचं काढा, तालुक्याचं काढा. नाव काढून टाकलेले पाचशे पोरांचे थेंब, दर दोन वर्षांनी, आणि निकाल जाहीर की या वॉर्डातली पोरं कॅलेंडरपेक्षा किती वेगानं म्हातारी होतायत. कोळशाच्या धुरातल्या वस्तीचं काय, दारूबंदी मोडलेल्या गावाचं काय, ज्या शाळेत मारत नाहीत त्या शाळेच्या गावाचं काय. आज नगरसेवकाला रस्ता किती झाला ते विचारता येतं, पोरं किती सुखात आहेत ते विचारायला आपल्याकडे आकडाच नाही. लहान मुलांसाठी हे घड्याळ अजून तेवढं पक्कं नाही हे मला माहीत आहे, म्हणून तर म्हणते की पैसा तिथे लावा.

आणि घड्याळ तर जन्माच्या आधीच चालू होतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. आपली बाळं जन्मताना २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधली साडेतीन, पण आपल्या बारक्या बाळात स्नायू कमी आणि चरबी मात्र तुलनेनं जास्त. दोन तृतीयांश आयांमध्ये बी-ट्वेल्व्ह व्हिटॅमिन कमी, आणि ज्यांचं बी-ट्वेल्व्ह कमी पण फोलेट हे दुसरं व्हिटॅमिन जास्त होतं त्यांच्या पोरांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करत नाही असं दिसलं. सहाव्या वर्षी! म्हणजे पन्नाशीतला डायबेटिस, किडनी, हार्ट हे सगळं आईच्या ताटात ठरतंय. याच अभ्यासातली मुलं वयात आली तेव्हा त्यांना बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या देऊन पुढच्या पिढीवर काय फरक पडतो हेही बघायला घेतलं. साठीतल्या माणसाला दहा वर्षं जास्त द्यायची असतील तर त्याची आई पंधरा वर्षांची असताना तिला बी-ट्वेल्व्ह द्यावं लागतं, मला तर यापेक्षा भारी कल्पना कोणत्याच कंपनीकडे दिसत नाही.

मला एक पट्टी हवी आहे. शुगरच्या पट्टीसारखी, एक थेंब, पाच मिनिटं, आणि त्यावर हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह आणि शिसं. शिसं का, तर युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांचा २०२० चा रिपोर्ट आहे की जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात धोक्याएवढं शिसं आहे, आणि त्यात आपल्या देशातली मुलं सगळ्यात जास्त. पेट्रोलमधलं शिसं आपण २००० साली बंद केलं पण रंगात आहे, भेसळीच्या मसाल्यात आहे, गल्लीत जुन्या बॅटऱ्या फोडतात तिथल्या धुळीत आहे. शिशानं पोराचं डोकं चालत नाही, पोरगं चिडकं होतं, एका जागी बसत नाही, आणि मोठेपणी तेच शिसं हार्टला नडतं. माझ्या २९ वर्षांच्या नोकरीत आमच्या लॅबमध्ये शिशाची टेस्ट एकदाही झाली नाही, सोयच नव्हती. वांड आहे म्हणून मार खाणाऱ्या किती पोरांच्या रक्तात ते होतं, आता कोण सांगणार.

अजून एक मनातलं. माझा नातू सहा वर्षांचा आहे, पहिलीत आहे. चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका असा सरकारचा आदेश २०२४ मध्ये निघाला तरी त्याची व्हॅन पावणेसातला दारात येते, झोपेतच त्याला बूट घालते मी. सून आणि मुलगा दोघं रात्री आठला घरी येतात. मग पोराजवळ जागं कोण असतं तर मी, आणि माझे गुडघे गेलेत, त्याच्यामागे पळता येत नाही. म्हणून म्हाताऱ्यांसाठीचं संशोधन बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. रॅपामायसिन नावाचं औषध आहे, ईस्टर बेटाच्या मातीतल्या जंतूपासून काढलेलं. कंपनीनं काम बंद केलं तेव्हा डॉ. सुरेंद्रनाथ सेहगल या फाळणीआधीच्या पंजाबात जन्मलेल्या शास्त्रज्ञानं ते जंतू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले, पुढे किडनी बदललेल्या पेशंटसाठी ते औषध झालं आणि २००९ मध्ये दिसलं की उतारवयातल्या उंदरांना दिलं तरी ते जास्त जगतात. माणसात काय होतं ते अजून ठरायचंय. पण असं काही निघालं आणि माझे गुडघे दहा वर्षं टिकले तर मी ती वर्षं त्याच्यामागे पळण्यात घालवीन, त्याला मोबाइल द्यावाच लागणार नाही. मला एकशेवीस नको आहेत, सत्तरीपर्यंत जमिनीवर मांडी घालून त्याच्यासोबत गोट्या खेळता आल्या पाहिजेत.

तर तुमच्या पेपरला विनंती अशी की पुढचा लेख काढाल तेव्हा त्यात अमेरिकेसोबत पुण्याच्या डॉ. याज्ञिकांचं त्या सहा खेड्यांत जे काम झालं ते घ्या, गडचिरोलीचे मणी घ्या, आणि दिल्लीच्या त्या संशोधकांना विचारा की आमच्या बाजूच्या पोरांपर्यंत ते कधी आणि केवढ्याला पोचणार.

तो सात वर्षांचा पोरगा आता चोवीसचा आहे. हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरच्या औषधाच्या कॅप्सूल आणि पाण्याची बाटली कधी सोडली नाही त्यानं, मोबाइल रिपेरिंगचं दुकान टाकलंय. मागच्या महिन्यात त्याचं लग्न ठरलं, साखरपुड्याआधी मुलीला घेऊन तो आमच्या जुन्या लॅबमध्ये गेला आणि मलाही बोलावलं. तिथल्या नवीन टेक्निशियननं त्या मुलीच्या रक्ताची ट्यूब लावली, आम्ही तिघं बघत उभे होतो, रेघा स्वच्छ दिसत होत्या, नंतर पॅटर्नही एए आला. म्हणजे त्यांचं बाळ वाहक असेल पण आजारी नसेल. बाहेर आल्यावर त्यानं मला दोनदा विचारलं, "मॅडम, म्हणजे माझ्या पोराचे पाय नाही दुखणार ना?" मी म्हटलं नाही रे, नाही दुखणार.

आपली,
एक नियमित वाचक (निवृत्त लॅब टेक्निशियन), विदर्भ
(कृपया नाव छापू नये.)